आवक क्रमांक तीनशे सतरा

१२ एप्रिल, बुधवार

सकाळी साडेनऊला कारखाना उघडला. अकराच्या सुमारास कोर्टाचा माणूस आला. दोन समन्स होती, एक कंपनीच्या नावाने आणि एक माझ्या. दोन्ही सही करून घेतली. त्याला पाणी दिलं. दुपारी औषध कंपनीची चारशे खोकी रवाना झाली. चारनंतर तुमचा फोन आला. मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

प्रिय भावजी,

तुमचा आवाज सात महिन्यांनी ऐकला. तुमचे दादा गेले तेव्हा फोनवर जाऊबाईच बोलल्या होत्या. तुम्ही त्यांच्या मागे उभे असाल असं मला वाटलं होतं. तुम्ही आला नाहीत याबद्दल मी कधी तक्रार केलेली नाही आणि आजही करत नाही.

समन्स तुम्हालाही पोचलं हे तुमच्याकडूनच कळलं. तुम्ही विचारलंत, "वहिनी, मी सप्टेंबरात राजीनामा दिला. चेक त्यानंतरचा. मग माझं नाव त्यात कसं?" मी म्हणाले, बघते. ते उत्तर नव्हतं हे मलाही कळत होतं.

जे घडलं ते आधी सांगते, कारण तुम्ही इथे नव्हता. पुढच्या तारखेचा चेक द्यायचा की नाही यावरून तुमच्याशी भांडण झालं, तरीही तुमच्या दादांनी बिस्किट कंपनीची मोठी ऑर्डर घेतली. कागदवाल्यांकडून उधारीवर रिळं उचलली आणि वीस सप्टेंबरला त्यांना तीन महिने पुढची तारीख घालून चेक दिला. सही एकट्या त्यांची. बिस्किट कंपनीने खोकी नेली आणि नंतर हात वर केले. दोन नोव्हेंबरला तुमचे दादा गेले. वीस डिसेंबरला कागदवाल्यांनी चेक भरला आणि तो परत आला. मग नोटीस आली, तिची मुदत गेली, आणि आता खटला. त्यात कंपनीचं नाव आहे, माझं आहे आणि तुमचं आहे. तिघांपुढे एकच वाक्य लिहिलं आहे, की हे कंपनीचा रोजचा कारभार पाहत होते.

मी एक वकीलबाई गाठल्या आहेत. वयाने लहान आहेत पण फुकट धीर देत नाहीत. त्या म्हणाल्या, "चेक कंपनीचा असला तरी कंपनीला तुरुंगात बसवता येत नाही. म्हणून कायदा तिच्यामागचा माणूस शोधतो."

"म्हणजे सगळे डायरेक्टर?" मी विचारलं.

"नाही. चेक दिला आणि परत आला त्या काळात ज्याच्या हातात कारभार होता, तो. नुसतं कागदावर नाव असून भागत नाही. आणि ज्याने त्याआधीच राजीनामा दिला, त्याला तर हातही लावता येत नाही. पण राजीनामा दाखवता आला पाहिजे."

तुम्ही फोनवर म्हणालात, "दादानेच फाडला असणार तो. मी सुटू नये म्हणून." मी त्यावर काही बोलले नाही. तुमच्याकडे त्याची प्रत नाही, टपालाची पावतीही नाही, हे तुम्ही सांगितलंत.

कागद शोधते.

तुमची,
वहिनी


२७ एप्रिल, गुरुवार

प्रिय भावजी,

तुमच्या वकिलांचं पत्र मिळालं. ते लिहितात की कंपनीच्या दप्तरात राजीनामा असल्यास आठ दिवसांत पाठवावा. मी दप्तर पाहिलं. दाराजवळच्या कपाटात नाही. मधल्या कपाटात नाही. माळ्यावरच्या खोक्यांत जुन्या ऑर्डरी आहेत, त्यांतही नाही.

कारखान्याचं विचाराल तर चाललं आहे. पाच पदरी पुठ्ठ्याची खोकी बंद केली, तीन पदरीच करतो. कापणीचं मशीन मागच्या आठवड्यात रुसलं होतं. तुम्ही त्याला लाथ कुठे मारायचात ते खळमास्तरांना माहीत आहे, त्यांनी मारली, चाललं. ते अजून पुठ्ठा चिकटवायची खळ स्वतःच शिजवतात आणि बोट बुडवून बघतात. मी चमचा दिला तर म्हणाले, "बाई, चमच्याला काय कळतंय?"

वकीलबाई परवा कारखान्यात आल्या होत्या. त्यांनी माझा बचाव सांगितला. तो सोपा आहे. चेकवर सही माझी नाही. मी घर सांभाळत होते, नवऱ्याने कंपनी काढताना दोन माणसं लागतात म्हणून माझं नाव घातलं, कारभारातलं मला काही माहीत नव्हतं. एवढं म्हटलं की मी सुटते.

"आणि भावजी?" मी विचारलं.

"त्यांचं त्यांचे वकील बघतील. राजीनामा सापडला नाही, तर सही करणारा गेलेला, तुम्ही सुटलेल्या, उरले ते. मशिनं तेच बघायचे, माल तेच ठरवायचे. त्यांना जड जाईल."

मग साक्षीला कोणी मिळतं का म्हणून त्यांनी खळमास्तरांना बोलावलं. विचारलं, "या बाई इथे क्वचितच येत असतील ना?"

"क्वचित?" मास्तर म्हणाले. "एकोणीस वर्षं मी ह्यांची बोलणी खातोय."

"रागावतात का तुमच्यावर?"

"रागावत नाहीत. चष्मा वर करून नुसतं बघतात. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं."

वकीलबाईंनी वही मिटली आणि जाताना मला म्हणाल्या, "या गृहस्थांना कोर्टाच्या आसपासही आणू नका." मला हसू आलं. बऱ्याच महिन्यांनी आलं असेल.

पण त्या गेल्यावर मी ऑफिसात बसून राहिले. 'मला काही माहीत नव्हतं' हे वाक्य मनातल्या मनात म्हणून पाहिलं. ते म्हणायला काही कठीण नाही. समोर भिंतीवर माझ्याच अक्षरातलं वेळापत्रक होतं.

शोध चालू आहे. तुमच्या वकिलांना थोडी मुदत द्यायला सांगा.

वहिनी


९ मे, मंगळवार

प्रिय भावजी,

मागच्या पत्रात कपाटांची यादी लिहिली. त्यात माझ्या टेबलाचा खण लिहिला नव्हता. राजीनामा तिथे आहे. पहिल्यापासून तिथेच होता.

तुमच्या दादांनी तो फाडला नाही. त्यांनी तो पाहिलाच नाही.

हे एकदा लिहिलं की पुढचं लिहिता येईल असं वाटलं होतं. अर्धा तास झाला. आता लिहिते.

तुम्ही चार सप्टेंबरला भांडून गेलात. सहा तारखेला सकाळी ते कापणीच्या मशीनपाशी खाली बसले. छातीत दुखत होतं. तीन दिवस रुग्णालयात होते. तुम्हाला कळवू का विचारलं तर म्हणाले, "नको. आजारी आहे म्हणून आला तर ते येणं नव्हे. त्याचं त्याला येऊ दे." मी ऐकलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की दोन-तीन महिने यांच्या मनाला लागेल असं काही घडू देऊ नका. जगात कुणाला असं करता येतं मला माहीत नाही, पण मी हो म्हणाले.

बारा तारखेला त्यांनी हट्टाने कारखान्यात आणायला लावलं. ऑफिसातल्या बाकावर उशी घेऊन पडले होते. टपाल आलं. तुम्हाला आमची पद्धत आठवत असेल, तुम्ही तिची चेष्टा करायचात. पाकीट फोडायचं, कागदावर आवक शिक्का मारायचा, तारीख आणि क्रमांक घालायचा, वहीत ओळ लिहायची, आणि मग वाचायचं. आधी नोंद, मग वाचन. त्यांचा नियमच तो. ते म्हणायचे, आधी वाचलं की माणूस ठरवायला लागतो, हे नोंदवू का नको. संध्याकाळी ते वही घेऊन बसायचे आणि प्रत्येक ओळीपुढे लाल पेन्सिलीने खूण करायचे. सरकारी पत्र असो नाहीतर रद्दीवाल्याची चिठ्ठी.

त्या दिवशी तीन पत्रं होती. तुमचं मधलं. शिक्का मारला, तारीख घातली, ३१७ लिहिलं, आणि माझी नजर पहिल्या ओळीवर गेली. मी या पत्राद्वारे संचालकपदाचा राजीनामा देत आहे. वहीत लिहायला पेन उचललं होतं. बाकावरून ते म्हणाले, "काही विशेष?"

मी म्हणाले, "नाही. जाहिराती."

कागद घडी करून खणात टाकला. वहीतली ओळ कोरी सोडली आणि पुढच्या पत्राला ३१८ दिला. तुम्ही म्हणाल, लपवायचंच होतं तर ३१७ पुढच्या पत्राला द्यायचा. मला ते सुचलं होतं. पण कागदावर एकदा क्रमांक पडला होता. तो दुसऱ्याला देणं मला जमलं नाही. एवढा मोठा कागद दडवू शकले आणि क्रमांक बदलू शकले नाही. याला काय म्हणावं?

संध्याकाळी ते वही घेऊन बसले. त्यांना दिसणारच होतं. म्हणाले, "तीनशे सतरा कुठे आहे?"

"चुकून सुटलं," मी म्हणाले.

एकोणीस वर्षांत माझ्याकडून ओळ सुटलेली नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पेन्सिल घेतली आणि तीनशे सोळापुढे खूण केली, कोऱ्या ओळीपुढे केली, तीनशे अठरापुढे केली. वही मिटली. "चल, दमलो," म्हणाले. त्यांना काय समजलं होतं ते मला माहीत नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्यानंतर ते एकावन्न दिवस जगले. रोज पायऱ्यांवर पाऊल वाजलं की दाराकडे बघायचे. "धाकटा असेल" असं तोंडाने म्हणायचे नाहीत, पण तुमची खुर्ची कुणाला हलवू द्यायचे नाहीत.

आता सगळ्यात वाईट. मी तेव्हा फक्त पहिली ओळ वाचली होती. कागद उलटून पाहिला नव्हता. चेक परत आल्यावर, तेवीस डिसेंबरला, मी तो खणातून काढला, आणि तेव्हा मागची बाजू दिसली. तुम्ही पेनने लिहिलं होतं. "दादा, वरचं सगळं या एका चेकसाठी आहे, तुझ्यासाठी नाही. तू एक ओळ लिही, मी पुढच्या गाडीने येतो."

तुम्ही त्या ओळीची वाट पाहिलीत. ते तुमच्या येण्याची. मध्ये माझं टेबल होतं.

तेवीस डिसेंबरपासून मला हे माहीत आहे. तुम्ही फोनवर "दादानेच फाडला" म्हणालात तेव्हाही माहीत होतं. मी गप्प बसले आणि गेलेल्या माणसावर ते येऊ दिलं. ते माझ्यावर काही उलटून बोलणार नव्हते.

तुम्हाला माफ करा असं मी लिहिणार नाही. तो प्रश्न तुमचा आहे. मला जे करायचं आहे ते मी करते आहे.

वहिनी


३० मे, मंगळवार

प्रिय भावजी,

तुमचं उत्तर आलं नाही. यावं अशी माझी अपेक्षा नाही. काल जाऊबाईंचा फोन आला होता. त्या म्हणाल्या, तुम्ही पत्र दोनदा वाचलंत, चष्मा पुसलात आणि चपला घालून बाहेर गेलात ते अंधार पडल्यावर आलात. त्यांनी मला दोन शब्द सुनावले. सुनावायला हवेच होते. मग रडल्या. मग जरा शांत झाल्यावर म्हणाल्या, "ताई, ती कोरी ओळ आहे ना वहीत, ती भरून टाका की. तुमचंच अक्षर, तुमचीच वही. कोण विचारतंय?"

मी म्हणाले, "शाई विचारते."

"सगळंच कसं हो तुमचं नियमात बसवायचं," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या गळ्याशी आलंय."

मी ती ओळ भरणार नाही. जाऊबाईंना समजावलं तेच तुम्हाला लिहिते. सुटा कागद घेऊन कोर्टात गेले तर समोरचा वकील म्हणेल, शिक्का तुमच्याकडे आहे, काल मारला असेल. पण वहीत ३१६ बारा सप्टेंबरचा आहे आणि ३१८ बारा सप्टेंबरचा आहे. मधली एक ओळ कोरी आहे आणि तुमच्या कागदावर ३१७ आहे. ओळ आज भरली तर ती नव्या शाईची एक ओळ होईल. कोरी आहे म्हणूनच ती साक्ष आहे. आणि तिच्यापुढची लाल खूण करणारा माणूस नोव्हेंबरात गेला. ती खूण आता कुणालाच नव्याने करता येणार नाही.

हे वकीलबाईंना दाखवलं. त्यांनी वही बराच वेळ पाहिली. खिडकीपाशी नेऊन पाहिली. मग समोर बसल्या.

"तुमचे दीर यावर सुटतील," त्या म्हणाल्या. "पण ओळ कोरी का, हे कुणीतरी शपथेवर सांगावं लागेल."

"मी सांगेन."

"काय सांगाल?"

"टपाल मी उघडत होते. राजीनामा मी दाबून ठेवला. संचालक बदलला की सरकारी कार्यालयाला कळवायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही, म्हणून त्यांचं नाव राहिलं."

"आणि त्याच तोंडाने मी कसं म्हणू, की माझ्या अशिलाला कारभारातलं काही माहीत नव्हतं?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, कंपनीच्या मालकाने कोणता कागद बघायचा आणि कोणता नाही, हे जी ठरवते, तिला नावापुरती डायरेक्टर कोण म्हणेल? त्यांना सोडवायला तुम्ही जे बोलाल, ते तुम्हालाच अडकवेल."

"मला कळलंय ते," मी म्हणाले.

"दंड होऊ शकतो. कैदही होऊ शकते."

"तेही तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलंत."

त्या जरा चिडल्या. म्हणाल्या, "अशील म्हणून तुम्ही फार गैरसोयीच्या आहात."

आणखी एक गोष्ट त्यांना सांगितली ती तुम्हालाही सांगते. डिसेंबरात वीस तारीख येते आहे हे मला ठाऊक होतं. चेकवर तारीख तुमच्या दादांनी घातली, पण त्यासोबतचं पत्र मीच टाइप केलं होतं. ते गेल्यावर खात्यात जे थोडंफार होतं ते मी ठेवलं असतं तरी चेक पुरता वटला नसता, पण कागदवाल्यांकडे जाऊन आधी सांगता आलं असतं. मी गेले नाही. त्या पैशांतून कामगारांचे पगार केले. खळमास्तरांनी पाकीट घेताना विचारलं होतं, "बाई, आहे ना नीट सगळं?" मी चष्मा वर करून बघितलं. ते गेले.

म्हणजे कारभार कोणाच्या हातात होता? माझ्याच होता. सप्टेंबरात ते बाकावर पडले त्या दिवसापासून होता, आणि खरं सांगायचं तर त्याआधीही बराचसा होता. ते गिऱ्हाइकांशी आणि माणसांशी बोलायचे, तुम्ही मशिनांशी आणि पुठ्ठ्याशी बोलायचात, आणि बाकीचं सगळं माझ्या टेबलावरून जायचं. एकोणीस वर्षं मला कुणी विचारलं नाही, की तुम्ही इथे कोण. आता कोर्ट विचारतं आहे. सुटायचं असेल तर उत्तर 'कुणी नाही' असं द्यायचं आहे. ते मी देणार नाही. तुमच्यावर उपकार म्हणून नव्हे. ते खोटं आहे, आणि एकदा खोटं बोललं की त्याचं काय होतं ते मी पाहिलं आहे.

तारीख चौदा जुलै आहे. तुम्ही यायची गरज नाही. तुमचे वकील येतील, त्यांना वहीबद्दल मी कळवलं आहे.

वहिनी


१४ जुलै, शुक्रवार

सकाळी आठला वही आणि तुमचा कागद पिशवीत घेऊन निघाले. कोर्टात अकरा वाजता पोचायचं होतं, पावणेदहालाच पोचले. तीनला बाहेर पडले. साडेचारला कारखान्यात आले. खळमास्तर आणि बाकीचे सहाला घरी गेले. आता ऑफिसात मी एकटी आहे.

प्रिय भावजी,

तुमचे वकील तुम्हाला सगळं सांगतीलच, पण ते त्यांच्या भाषेत सांगतील.

खोली लहान होती. पंखा आवाज करत होता म्हणून न्यायाधीशांनी तो बंद करायला लावला, आणि मग सगळ्यांना घाम आला. आधी खटल्यातून नाव काढण्याच्या तुमच्या अर्जाचं निघालं. मला उभं केलं. कागदवाल्यांच्या वकिलांनी विचारलं, शिक्का कुणाकडे असतो. माझ्याकडे. वही कोण लिहितं. मी. मग ही ओळ कोरी कशी. मी सांगितलं. बारा सप्टेंबर, बाक, टपाल, 'जाहिराती' असं मी म्हणाले ते. जास्त काही बोलले नाही. न्यायाधीशांनी वही मागवून घेतली, चार-पाच पानं मागे उलटली, पुढे उलटली. विचारलं, "अशी दुसरी कोरी ओळ आहे का कुठे?"

"नाही," मी म्हणाले.

"आणि ही लाल खूण?"

"माझ्या नवऱ्याची. रोज करायचे."

"कोऱ्या ओळीलासुद्धा?"

"त्या एका."

त्यांनी वही समोर ठेवली. कागदवाल्यांचे वकील उठून म्हणाले, "म्हणजे कंपनीचं टपाल, पत्रव्यवहार, सरकारी कागद, सगळं आपणच बघत होता?" वकीलबाई माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांनी डोळे टेबलाला लावले होते.

मी म्हणाले, "हो. मीच बघत होते. चेक दिला तेव्हाही आणि परत आला तेव्हाही."

एवढंच. तुम्हाला वाटेल काही तरी जोरात म्हणाले असेन. टायपिस्टला दुसऱ्यांदा सांगावं लागलं, इतकं हळू म्हणाले.

जेवणानंतर आदेश झाला. चेक दिला गेला तेव्हा तुम्ही संचालक नव्हता, तुमचं नाव काढून टाकलं. वही कोर्टाने ठेवून घेतली. कंपनीवर आणि माझ्यावर खटला पुढे चालेल. पुढची तारीख सप्टेंबरात आहे.

बाहेरच्या बाकावर कागदवाले बसले होते. त्यांना तुम्ही ओळखता, बोलायला लागले की समोरच्याच्या बाहीचं बटण धरतात. माझ्या बाहीला बटण नव्हतं, म्हणून पिशवीचा बंद धरला. म्हणाले, "वहिनी, मला वाटलं होतं तुम्हीही हात वर कराल. सगळे करतात. मग मी कुणाच्या मागे लागणार होतो? गेलेल्या माणसाच्या?"

"म्हणून तर आले," मी म्हणाले.

"आधी का नाही आलात माझ्याकडे? डिसेंबरात?"

"यायला हवं होतं. चुकले."

त्यांनी बंद सोडला, पुन्हा धरला. "मी खटला मागे घेणार नाही," म्हणाले. "पण तुम्ही थोडं थोडं करून देत असाल, तर दर वेळी तसं कोर्टात सांगायला माझी ना नाही. फक्त आता पुढच्या तारखेचे चेक नकोत. वटेल तेव्हाच लिहा."

"सही माझी असेल," मी म्हणाले.

"तेच म्हणतोय मी," ते म्हणाले, आणि उठून गेले. वकीलबाई म्हणतात की यातून तडजोड निघू शकेल. निघाली तर बरं. नाही निघाली तर जे होईल ते अंगावर घ्यायचं मी ठरवलं आहे. कापणीचं मशीन विकायचं नाही. औषध कंपनीची ऑर्डर चालू आहे, आणखी एक साबणवाले नमुने मागून गेलेत. पाच पदरी करता का म्हणून विचारत होते. मी पुढच्या महिन्यापासून करू असं सांगितलं. खळमास्तरांनी ऐकलं आणि म्हणाले, "बाई, पाच पदरीची खळ वेगळी लागते." मी म्हणाले, "मग शिजवा वेगळी." त्यांनी माझ्याकडे बघितलं. या वेळी चष्मा मी वर केला नव्हता.

ऑफिस उघडलं तेव्हा आजचं टपाल दाराखाली पडलेलं होतं. विजेचं बिल, साबणवाल्यांचं पत्र, आणि एक जाड पाकीट. पत्ता तुमच्या अक्षरात आहे. कंपनीच्या नावावर नाही, माझ्या नावावर आहे.

जुनी वही कोर्टात आहे, म्हणून कपाटातून नवी काढली. पट्टीने पाच रकाने आखले. क्रमांक दर जानेवारीला एकपासून सुरू होतात. विजेचं बिल, एकशे अठ्ठ्याण्णव. साबणवाले, एकशे नव्याण्णव. खासगी पत्रावर आवक शिक्का मारत नाहीत, हे मला माहीत आहे. तरी मारला, पाकिटावरच. दोनशे. कोणाकडून, या रकान्यात तुमचं नाव लिहिलं. विषय या रकान्यात काही लिहिलं नाही, कारण अजून उघडलेलं नाही. आत काय आहे ते मला माहीत नाही. काहीही असलं तरी त्याची नोंद झाली आहे.

हे पत्र उद्या सकाळी जावकात चढवून टाकेन.

तुमची,
वहिनी

ता. क. लाल पेन्सिल त्यांच्या खणात होती, नोव्हेंबरापासून कुणी घेतली नव्हती. तिला टोक नव्हतं. ते केलं, टेबलावर सांडलेला लाकडाचा चुरा पुसला, आणि तिन्ही ओळींपुढे खूण केली. आता पाकीट फोडायला कात्री घेते.